अनोळखी सुटा भाग: नंबर वाचावा की आटे मोजावेत?

जुन्या गाडीच्या सामानातून निघालेला लोखंडी तुकडा नेमका कशाचा, हे शोधायच्या वाटा दोन: अंगावरचा नंबर वाचणे किंवा मापे घेणे.

नंबर मिळाला तर काम झटपट होते. तारेचा ब्रश मारा, तिरपा उजेड पाडा, पार्ट्स कॅटलॉगशी ताडून बघा. पण ओतीव भागावरचा उठावाचा आकडा बऱ्याचदा नुसत्या ओतिवाचा (साच्यातून निघालेल्या कच्च्या तुकड्याचा) असतो, तयार भागाचा नव्हे. एकच ओतीव वेगवेगळे मशिनिंग करून दोन-तीन निराळ्या जागी बसवलेले सापडते. पत्र्याच्या ब्रॅकेटवर तर अनेकदा काहीच नसते.

मापे वेळ खातात, तरी माझा कौल त्यांनाच. ५/१६ इंची बोल्ट आणि ८ मिमीचा बोल्ट कॅलिपरवर जवळपास सारखेच दिसतात. थ्रेड गेज (आटे ताडायची दातेरी पट्टी) लावला की फरक कळतो: यूएनएफला (अमेरिकी बारीक आट्यांचे मानक) इंचाला २४ आटे, बीएसएफला (ब्रिटिश बारीक आट्यांचे मानक) २२, मेट्रिकची नेहमीची पिच (दोन आट्यांमधले अंतर) १.२५ मिमी. बीएसएफच्या आट्यांचा कोनही ५५ अंशांचा, बाकी दोघांचा ६०. बीएसएफ निघाले, तर आधी जुन्या ब्रिटिश गाड्यांचे कॅटलॉग उघडा. शोध तिथेच निम्मा होतो, आणि पुसट नंबरही मग वाचता येऊ लागतो.