पैसे पूर्ण लायनरचे, काम फक्त दोन टोकांचे: गॅस फायर बसवताना झालेली फसवणूक

इंग्लंडमधील जुन्या विटांच्या घरात राहणाऱ्या आणि बैठकीच्या खोलीतील बंद शेकोटीच्या जागी गॅस फायर, म्हणजे खोली तापवणारी गॅसची शेकोटी, बसवून घेण्याच्या विचारात असलेल्या मराठी कुटुंबांसाठी हा अनुभव लिहीत आहे. आमच्याकडे झालेली लबाडी धुराड्याच्या पोटात होती. तिथे घरमालकाची नजर पोहोचत नाही आणि काम करणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. पैशांचे नुकसान सोसता येते. पण या प्रकारात माझ्या आईच्या जिवाशी खेळ झाला, म्हणून सर्व तपशील देतो.

आमचे घर बर्मिंगहॅमच्या बाजूला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या एका रांगेत आहे. अशा घरांत पूर्वी प्रत्येक खोलीत कोळशाची शेकोटी असे आणि प्रत्येक शेकोटीचा धूरमार्ग वेगळा असे. हे सगळे मार्ग एकाच जाड भिंतीतून शेजारी शेजारी वर जातात आणि छतावर एकाच चिमणीतून बाहेर पडतात. दोन मार्गांमधील भिंत जेमतेम अर्ध्या विटेची, म्हणजे सुमारे १०० मिलीमीटर असते. आतला चुन्याचा गिलावा शंभर वर्षांच्या काजळीने आणि पावसाच्या पाण्याने झडतो, सांध्यांतला चुना भुसभुशीत होतो आणि खालच्या शेकोटीचा धूर वरच्या खोलीच्या मार्गात शिरू लागतो. म्हणूनच अशा धुराड्यात बहुतेक वेळा लायनर, म्हणजे स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी, फायरपासून थेट चिमणीच्या टोकापर्यंत अखंड सोडावा लागतो. जळलेला वायू त्या नळीतूनच बाहेर गेला पाहिजे आणि वाटेत विटांना त्याचा स्पर्शही होता कामा नये.

आम्ही चौकशी केली तेव्हा नोंदणीकृत कारागिरांपैकी ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांनी फोनवर किंमत सांगण्यास नकार दिला. आधी धुराडे झाडून घ्या, मग आम्ही येऊन ते तपासू आणि त्यानंतरच आकडा सांगू, असे त्यांचे म्हणणे होते. याउलट एका गृहस्थाने घर न पाहताच लायनरसकट सगळ्या कामाची किंमत सांगितली आणि ती इतरांच्या अंदाजापेक्षा बरीच कमी होती. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात त्याने बॉयलरची, म्हणजे घर आणि पाणी तापवणाऱ्या गॅसच्या यंत्राची, सर्व्हिसिंग केली होती आणि त्यांचा अनुभव चांगला होता. त्याच्या दरपत्रकावर गॅस सेफ रजिस्टरचे पिवळे बोधचिन्ह आणि नोंदणी क्रमांकही छापलेला होता. तो क्रमांक आम्ही तपासला आणि तो खरा निघाला.

फसवणुकीची पहिली पायरी हीच होती. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००९ पासून गॅस सेफ रजिस्टर ही अधिकृत नोंदणी आहे आणि तिच्यात नाव नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या घरी मोबदला घेऊन गॅसचे काम करणे बेकायदा आहे. दरपत्रकावरचा क्रमांक मात्र दुसऱ्या परगण्यातील, जवळपास त्याच नावाच्या एका प्रामाणिक व्यवसायाचा होता. त्या बिचाऱ्यांना याची गंधवार्ताही नव्हती. व्यवसायाचा क्रमांक कुणालाही कागदावर छापता येतो. प्रत्यक्ष दारात आलेल्या माणसाकडे त्याच्या छायाचित्राचे ओळखपत्र असते, त्यावर त्याचा स्वतःचा परवाना क्रमांक आणि मुदत असते आणि मागच्या बाजूला त्याला कोणकोणत्या उपकरणांवर काम करण्याची पात्रता आहे ते लिहिलेले असते. ही मागची बाजू फार महत्त्वाची आहे, कारण बॉयलरसाठी पात्र असलेला माणूस गॅस फायरसाठी पात्र असेलच असे नाही. या गृहस्थाने ओळखपत्र गाडीत राहिले आहे, नंतर दाखवतो, असे सांगितले आणि ते कधीच दाखवले नाही. ओळखपत्र हातात घेऊन, उलटून वाचल्याशिवाय आणि परवाना क्रमांक रजिस्टरच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर पडताळल्याशिवाय कुणालाही गॅसला हात लावू देऊ नये. आपण संकोच करतो, समोरच्याला वाईट वाटेल असे आपल्याला वाटते; पण प्रामाणिक कारागीर स्वतःहून ओळखपत्र पुढे करतात, हे मी नंतर पाहिले.

कामाच्या दिवशी तो एका मदतनिसाला घेऊन आला. मदतनीस छतावर गेला, चिमणीच्या तोंडावर नवी धातूची टोपी बसली आणि तिच्याखाली डोकावणाऱ्या चकचकीत नळीचे छायाचित्र त्याने आम्हाला फोनवर पाठवले. खाली शेकोटीत वाकून पाहिले तर फायरच्या मागून वर जाणारी तशीच नवी नळी दिसत होती. बिलावर ‘स्टेनलेस स्टील लायनर, नऊ मीटर’ असे स्पष्ट लिहिलेले होते. प्रत्यक्षात खाली मीटरभर तुकडा आणि वर हातभर तुकडा एवढेच काम झाले होते. मधला सगळा भाग जुन्या, भेगाळलेल्या विटांचाच होता.

त्या हिवाळ्यात माझी आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती आणि तिची झोपण्याची खोली नेमकी बैठकीच्या खोलीच्या वर होती. त्या खोलीतील जुनी शेकोटी कुणीतरी फार पूर्वी फळी ठोकून बंद केली होती आणि धुराड्यात हवा खेळती राहावी म्हणून फळीत एक जाळी बसवलेली होती. काही दिवसांनी आई म्हणू लागली, “अरे, संध्याकाळ झाली की डोकं जड होतं, मळमळतं. बाहेर फिरून आलं की बरं वाटतं.” थंडीमुळे होत असेल असे तिला वाटत होते. एका रात्री त्याच खोलीतील कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म वाजला. तो अलार्म गॅस फायरसाठी बसवलेला नव्हता. बॉयलर त्या खोलीलगतच्या कपाटात असल्यामुळे तो तिथे आधीपासून होता, आणि आईचे प्राण त्यामुळे वाचले असे मी मानतो.

आम्ही सर्वांना घराबाहेर काढले आणि गॅसच्या राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. त्यांच्या माणसाने येऊन मीटरपाशी गॅस बंद केला. त्यांचे काम घर सुरक्षित करण्याचे असते, दुरुस्तीचे नसते, त्यामुळे पुढील तपासणीसाठी एका नोंदणीकृत कारागिराला बोलावले. सगळ्यांचा संशय बॉयलरवर होता, पण तो निर्दोष निघाला. नंतर त्यांनी गॅस फायर तपासली. खोलीची दारे-खिडक्या बंद करून, फायर काही मिनिटे पेटवून, तिच्या वरच्या कडेपाशी धुराची काडी धरली असता धूर व्यवस्थित आत ओढला गेला. म्हणजे फायरच्या समोर उभे राहून पाहिले तर सारे ठीक होते. मग त्यांनी फायर बंद केली, ती काढून शेकोटीत धुराची मोठी गोळी पेटवली आणि आम्हाला वरच्या खोलीत जाऊन पाहायला सांगितले. फळीतल्या जाळीतून पांढरा धूर आईच्या पलंगावर उतरत होता.

खालून कॅमेरा वर सोडला तेव्हा लायनर मीटरभर जाऊन मोकळा सुटलेला दिसला. त्याच्यावर उघड्या विटा, गळालेला गिलावा आणि शेजारच्या धूरमार्गात उघडणारी फट होती. दुसरा दोष फायरमध्येच होता. या प्रकारच्या फायरमध्ये खऱ्यासारखे दिसणारे सिरॅमिकचे निखारे असतात आणि ते उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकृतीप्रमाणेच रचावे लागतात, कारण ज्योतीला हवा कुठून मिळायची हे त्या रचनेवर ठरते. इथे ते मनाला येईल तसे रचलेले होते आणि त्यांच्यावर काजळी धरली होती. नीट जळणाऱ्या गॅसपासून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, तो हाच वायू. तिथे धोका गीझरच्या शेजारीच असतो. आमच्या घरात तो एक मजला वर, जिथे गॅसचे कोणतेही उपकरण पेटलेले नव्हते अशा खोलीत साचत होता, आणि खाली फायरसमोर बसलेल्या आम्हाला काहीच जाणवत नव्हते.

कारागिराने फायरला ‘तात्काळ धोकादायक’ ठरवून गॅसपासून तोडले, तिच्यावर वापरू नये असा फलक लावला आणि लेखी सूचना दिली. मग त्यांनी त्या गृहस्थाने दिलेले ‘प्रमाणपत्र’ पाहिले. तो संगणकावर छापलेला एक देखणा कागद होता. त्यावर फायरचा अनुक्रमांक, गॅसचा दाब किंवा धुराड्याच्या चाचणीचा निकाल यांपैकी काहीच नव्हते. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार काम झाल्यावर धूरमार्ग काम करतो का, ज्वलनाला पुरेशी हवा मिळते का, गॅसचा दाब किंवा उष्णतेचे प्रमाण योग्य आहे का आणि उपकरण सुरक्षितपणे चालते का, हे तपासणे बंधनकारक आहे. उत्पादकाची पुस्तिका घरात ठेवून जाणेही बंधनकारक आहे, आणि ती तर तो घेऊनच गेला होता. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून स्वयंपाकाची उपकरणे वगळता असे कोणतेही नवे उपकरण बसवताना त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा लागतो, त्याचा त्याने उच्चारही केला नव्हता. धुराडे कोणत्या प्रकारचे आहे, लायनर कोणता आहे आणि तो कधी बसवला हे सांगणारी माहितीपट्टी घरात लावायची असते, तीही नव्हती. सर्वांत सोपी खूण टपालात मिळते: नोंदणीकृत कारागीर असे काम रजिस्टरला कळवतो आणि इमारत नियमांच्या पूर्ततेचे प्रमाणपत्र घरमालकाला रजिस्टरकडून येते. ते आले नाही तर काम कुठेच नोंदलेले नाही असे समजून लगेच चौकशी करावी.

आमचे धुराडे शेजाऱ्यांच्या भिंतीलगत असल्यामुळे त्यांनाही सर्व सांगावे लागले आणि त्यांच्या खोल्याही तपासून घ्याव्या लागल्या. सुदैवाने त्यांच्या बाजूला गळती नव्हती. नव्या कारागिराने धुराडे झाडून घेतले, जुने तुकडे काढले, छतावरून एकसंध लायनर खाली सोडला आणि तो वर चिमणीला व खाली फायरला जोडला. दोन्ही टोके एकाच नळीची आहेत हे त्यांनी कॅमेऱ्यात आम्हाला दाखवले, आणि धुराची चाचणी पुन्हा करताना वरची खोली, पोटमाळा आणि शेजारचे घर या सर्व ठिकाणी माणूस उभा केला. लायनरचे पैसे देण्यापूर्वी एवढे दाखवण्याचा आग्रह प्रत्येकाने धरावा. वरच्या आणि खालच्या टोकाच्या छायाचित्रांना काहीही अर्थ नाही.

पैशांच्या बाबतीत आमच्या हाती फारसे लागले नाही. त्या गृहस्थाने रक्कम बँकेतून थेट आपल्या वैयक्तिक खात्यात घेतली होती आणि खात्यावरचे नाव बिलावरच्या नावापेक्षा वेगळे होते. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करवून घेतलेल्या बँक हस्तांतरणांची भरपाई बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत द्यावी असा नियम आहे. परंतु व्यापारी आणि ग्राहक यांच्यातील कामाच्या दर्जाचा वाद त्यात येत नाही आणि आमच्या बँकेने प्रकरण त्याच सदरात टाकले. परक्या क्रमांकाचा वापर हा सरळ फसवणुकीचा पुरावा आहे असे आमचे म्हणणे असून ते आम्ही लेखी मांडले आहे. हीच रक्कम क्रेडिट कार्डाने दिली असती, तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या किमतीच्या व्यवहारात कार्ड देणाऱ्या कंपनीवरही जबाबदारी आली असती. म्हणून जो कारागीर कार्ड घेत नाही आणि बिलावरच्या नावापेक्षा वेगळ्या नावाच्या खात्यात पैसे मागतो, त्याचे काम तिथेच थांबवावे. तक्रार गॅस सेफ रजिस्टरकडे आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्स या व्यापारातील गैरप्रकार पाहणाऱ्या स्थानिक खात्याकडे केली आहे. ज्यांचा क्रमांक वापरला गेला त्या व्यवसायालाही आम्ही कळवले आणि त्यांनीही स्वतंत्र तक्रार केली आहे.

ज्यांच्या घरी असे काम आधीच झालेले आहे आणि वर सांगितलेल्यांपैकी एखादा कागद किंवा पट्टी हाती नाही, त्यांनी तपासणी होईपर्यंत फायर पेटवू नये. धुराडे ज्या ज्या खोलीतून वर जाते त्या प्रत्येक खोलीत बीएस ईएन ५०२९१ हे मानक छापलेला अलार्म लावावा आणि नोंदणीकृत कारागिराकडून लायनरची कॅमेऱ्याने पाहणी करून घ्यावी. घरात कुणाला डोकेदुखी, चक्कर, मळमळ किंवा धाप लागत असेल आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर गॅस बंद करून, दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे, ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर फोन करावा आणि डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडचा संशय स्पष्ट शब्दांत सांगून रक्ताची तपासणी मागावी.