इंग्रजी उताऱ्याचं विश्लेषण: पेन्सिलने की अँटकॉन्कवर?

शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापुरातल्या कॉलेजात इंग्रजी घेतलेल्यांना प्रकल्पाच्या वेळी हा प्रश्न पडतोच: उतारा हाताने तपासायचा की अँटकॉन्कवर, म्हणजे मजकुरातले शब्द शोधून देणाऱ्या संगणक प्रोग्रामवर?

उतारा ३००-४०० शब्दांचा असेल तर पेन्सिलच बरी. पंचगंगेच्या पुराची एखादी इंग्रजी बातमी घ्या. 'पीपल वेअर इव्हॅक्युएटेड' या कर्मणी रचनेत लोकांना हलवलं कोणी, हेच गायब आहे. प्रत्येक क्रियापद अधोरेखित करा, त्याचा कर्ता समासात लिहा. जिथे समास कोरा राहतो, तिथेच खरं विश्लेषण सुरू होतं.

पन्नास बातम्या असतील तर मात्र अँटकॉन्क. फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. 'वेअर'पुढे '-एड'ने संपणारे शब्द शोधले की सगळ्या ओळी एकाखाली एक येतात. पण 'वेअर टेकन' निसटतं आणि 'वेअर टायर्ड' उगाच घुसतं, म्हणून ओळी वाचाव्या लागतातच. पीडीएफमधून मजकूर घेतला तर ओळीअखेर तुटलेले शब्द आधी जोडा, नाहीतर ते सापडणारच नाहीत.

आणि नुसते आकडे लिहू नका, दर १००० शब्दांमागे प्रमाण काढा: ४०० शब्दांत ८ कर्मणी रचना म्हणजे २०, पण ४००० शब्दांत ४० म्हणजे १०च.

पहिलाच प्रकल्प असेल तर दोन बातम्या हाताने सोडवा, मगच शोधशब्द ठरवा.