स्टीम गार्ड मोबाइल ऑथेंटिकेटर: आठ महिने वापरून

स्टीम म्हणजे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान. तिथलं माझं खातं 2014 चं. दर उन्हाळी सेलला भरत भरत त्यात साठेक गेम झालेत. निम्मे अजून उघडलेलेही नाहीत, पण जीव त्यांच्यातच.

गेल्या श्रावणात पहाटे साडेतीनला स्टीमचा मेल येऊन पडला होता: लॉगिनसाठी पाच अक्षरांचा कोड. मी तर गाढ झोपेत. सकाळी वाचून म्हटलं, बरं झालं, कुणी आत शिरलं नाही. दुकानात प्रिंट काढायला येणाऱ्या पोराला सांगितलं, तर तो म्हणाला, "दादा, तो मेल पासवर्ड बरोबर पडल्यावरच येतो."

म्हणजे पासवर्ड आधीच गेला होता! आपला मेल आयडी कुठल्या फुटलेल्या यादीत आहे का ते सांगणाऱ्या 'हॅव आय बीन प्वन्ड' या साइटवर माझा टाकून पाहिला. मोबाइल कव्हरं विकणाऱ्या एका साइटवर मी कधीतरी खातं काढलं होतं, तिची यादी फुटलेली. पासवर्ड? गावाचं नाव आणि जन्मसाल, तिथेही तोच, स्टीमलाही तोच. अशा याद्या घेऊन बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, शेकडो साइटवर मेल आयडी-पासवर्डची तीच जोडी लावून बघतात, त्याला क्रेडेन्शियल स्टफिंग म्हणतात. डोकं चालवायची गरजच नाही, आपण एकच किल्ली दहा दारांना केलेली असते. त्यात माझ्या मेलचा पासवर्डही तोच, फक्त पुढे 123. मेलवर येणारा कोड मग किती दिवस पुरला असता?

म्हणून कोड फोनवर, स्टीमच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये घेतला; हाच तो स्टीम गार्ड मोबाइल ऑथेंटिकेटर. अ‍ॅपमधला कोड दर 30 सेकंदांनी बदलतो आणि नेट नसतानाही दिसतो. आमच्या दुकानात रेंजची बोंबच, त्यामुळे हे फार बरं. त्या कोडात ए-ई-आय-ओ-यू हे स्वर नाहीत, शून्य नाही की एक नाही. चाळिशीचा चष्मा दुकानात विसरलेल्या माणसाला याची किंमत कळते. क्यूआर स्कॅन करूनही लॉगिन होतं, पण ते जपून. 'आमच्या टीमला व्होट दे' म्हणून कुणी लिंक पाठवली आणि तिथला क्यूआर तुम्ही स्कॅन केलात, तर दार आतून तुम्हीच उघडलंत.

अ‍ॅप नसेल तर स्किनची, म्हणजे गेममधल्या हत्यारांच्या वगैरे सजावटीची, देवाणघेवाण 15 दिवसांपर्यंत अडकते. पोरं यावर चिडतात. मला पटतं, चोराला घाई असते.

एक खटकतं. बाकी सगळ्या साइटचे कोड माझ्या एका ऑथेंटिकेटरमध्ये, म्हणजे कोड देणाऱ्या एकाच अ‍ॅपमध्ये, बसतात, स्टीमला मात्र स्वतःचंच अ‍ॅप हवं. पासवर्ड सांभाळायला बिटवॉर्डन हे अ‍ॅप घेतलंय, फुकटातलंच. प्रत्येक ठिकाणी वेगळा, वीस अक्षरांचा, मलाही पाठ नाही असा. अ‍ॅप टाकण्याआधी हे करा. आणि सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट व्हा. माझ्या यादीत तर एक जुना कॉम्प्युटर निघाला, जो मी कधीच विकून टाकलाय.

फोन हरवला तर लागणारा रिकव्हरी कोड मात्र कागदावरच ठेवा. तो 'आर'ने सुरू होतो, पुढे आकडे. मी उधारीच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिला. परवा हिने वही चाळली आणि विचारलं, "हा आर कोण? एवढी उधारी, आणि नावसुद्धा पूर्ण लिहिलं नाही?"