बैठी लाँगआर्म घ्यावी की फ्रेमवाली?

आईच्या जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या मी घरच्या शिलाई मशीनवरच शिवायचे. तिथे सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यात जेमतेम 6-8 इंच जागा. डबलबेडच्या गोधडीची गुंडाळी त्यात कोंबताना खांदे भरून येतात. लाँगआर्म म्हणजे गोधडीचे थर शिवायची लांब हाताची मशीन; तिच्यात हीच जागा साधारण 16 ते 26 इंच मिळते.

फ्रेमवालीत कापड रुळांवर ताणलेलं असतं आणि आपण उभं राहून मशीन फिरवतो, कागदावर पेन फिरवावं तसं. वरचं कापड, मधला थर आणि अस्तर रुळांवर चढवलं की आधी टाचून घ्यावं लागत नाही. हे सुख फार मोठं आहे. बैठ्या मशीनचं उलट: मशीन जागेवर, कापड आपण सरकवायचं. त्याआधी तिन्ही थर जमिनीवर पसरून दर चार बोटांवर पिन लावायची, त्यात अख्खी दुपार जाते.

पण मोठी गोधडी शिवायची तर फ्रेमला 10-12 फूट लांबी लागते, शिवाय दोन्ही बाजूंनी फिरायला वाट. बैठी मशीन टेबलावर मावते, किंमतही सहसा कमी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी बैठीच सांगेन. फक्त टाक्यांची लांबी सारखी ठेवणारा स्टिच रेग्युलेटर तिच्यात आहे का, ते विचारून घ्या.

स्वतंत्र खोली असेल तर मात्र फ्रेमच घ्या. विरलेली साडी रुळांवर तबल्यासारखी ताणू नका. खालून बोट लावलं तर ते कापडातून चिमटीत धरता यावं, इतकी ढील हवी.