पंधरा फूट खोलीचं मेटल डिटेक्टर आन साडेतेरा हजाराची टोपी

मोबाईलवर तो व्हिडिओ तुम्ही पण बघितला असल. रानात एक जण मशीन फिरवायलाय, कूं कूं वाजायलंय, दुसरा येऊन टिकावाचे दोन घाव घालतो आन लगेच पिवळी नाणी बाहेर, तीबी एवढी चकचकीत की सकाळीच चिंच लावून घासली असावीत. खाली लिहिलेलं असतं १५ फूट खोल, जर्मन टेक्नॉलॉजी, सोनं चांदी पाणी वेगवेगळं दाखवतं, स्टॉक संपत आलाय. त्या नंबरवर माझे साडेतेरा हजार गेलेत आन आमच्या भागात अजून लोक फोन करायलेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायलोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं परभणी जिल्ह्यातल्या सेलूत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. कॉइल, वायर, गेज हेच दिवसभर हातात, त्यामुळं व्हिडिओतलं जे महागडं अँटिनावालं मशीन होतं, ज्याला हे लोक लाँग रेंज म्हणतात, ते मी फोनवरच नको म्हणलं. त्यात काय असतं तर हँडलला एक दांडी, ती सैल फिरती, आन विकणारा म्हणतो सोनं असल तिकडं वळती. आपल्याकडं बोअर घ्यायच्या आधी पाणाड्या तळहातावर नारळ धरून रानभर फिरतो, तोच प्रकार, वर फक्त प्लास्टिकचं कव्हर आन लाल दिवा. हात जरासा कलला की दांडी वळती आन धरणाऱ्याला स्वतःलाबी कळत नाही आपणच कलवलं म्हणून. ह्याच जातीचं एडीई ६५१ नावाचं यंत्र जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या इंग्रजानं बॉम्ब शोधतं म्हणून इराक सरकारला हजारो डॉलरला एक असं विकलं, आत बॅटरीसुद्धा नव्हती, चेकपोस्टवर शिपाई ते धरून उभे आन बॉम्बच्या गाड्या शेजारून पास. २०१३ ला इंग्लंडच्या कोर्टानं त्याला १० वर्षं ठोकली. तिथं तर आख्खं सरकार गंडलं, आपल्या गावात कुणी दीड-दोन लाख घालवले तर त्याला हसू नका.

मला मशीन कशाला पाहिजे होतं ते सांगतो. कापसात खुरपताना चुलतीची पोत तुटली. काळे मणी बरेच सापडले, पण डोरल्याच्या दोन वाट्या आन साखळीचा एक तुकडा गेला तो गेलाच. आन हे काय एकट्या आमच्याच घरचं नाही, दर हंगामात कुणाचं तरी कानातलं, कुणाची अंगठी, रोटावेटरचं तुटलेलं पातं मातीत जातं, ते पातं मग ट्रॅक्टरचं टायर फाडतं. म्हणलं दहा-बारा हजारात साधं कॉइलवालं मशीन घ्यावं, लोकांचं पण काम होईल, चार पैसे सुटतील.

तर फोनवाला म्हणला, साहेब तुम्ही जाणकार दिसताय, तुम्हाला फसवून चालणार नाही, संभाजीनगरला गाळ्यावर या, हातात धरून बघा, मगच पैसे. मेव्हण्याला घेऊन गेलो. गाळ्यासमोर वीट लावून केलेला वाफा होता, त्यात भरावाची लाल माती आन वाळू. त्यानं एक जाड पिवळी अंगठी दाखवली, सोन्याची म्हणून, वीतभर खाली पुरली, वरनं मशीन फिरवलं, खणखणीत आवाज. मग लोखंडी खिळा टाकला तर वेगळा जाड आवाज. स्क्रीनवर आकडे पण बदलत होते. मशीन ओळखीच्या परदेशी कंपनीचं होतं, आन खरं सांगतो, ते मशीन चांगलंच होतं.

गेम इथंच असतो. ते मशीन शोरूमचं. आपल्याला मिळतं ते मागच्या खोलीतनं आणलेलं सीलबंद खोकं, तोच रंग, तेच स्टिकर. मी म्हणलं खोलून वाजवून दाखवा, तर म्हणे सील फोडलं की कंपनीची वॉरंटी जाते, घरी जाऊन तुम्हीच फोडा आन व्हिडिओ कॉल करा. पैसे घेताना आठ हजार यूपीआयनं, ते पण गाळ्याच्या नावावर नाही, कुण्या तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर, उरलेले रोख. बिल मागितलं तर जीएसटीचं पक्कं बिल उद्या व्हॉट्सॲपला येईल, आज चलन घ्या. चलनावर लिहिलंय काय तर ‘इलेक्ट्रॉनिक पार्ट, १ नग’. पक्कं बिल अजून येतंयच.

घरी येऊन रानात चालू केलं तर पहिल्या फेरीपासनं जे वाजायला लागलं ते थांबेचना. ढेकळावर वाजतंय, दगडावर वाजतंय, कॉइल नुसती बांधाला टेकली तरी वाजतंय आन स्क्रीनवर दर वेळी ‘गोल्ड’. खिळा ठेवला, गोल्ड. पान्हा ठेवला, गोल्ड. चुलत्याच्या पायातला रबरी बूट पुढं केला, त्यालाबी गोल्ड! फोन केला तर हा म्हणतो, दादा, तुमच्या रानात माल आहे म्हणून वाजतंय, लोकांची रानं कोरडी निघतात, तुम्ही नशीबवान. मी चिडलो तेव्हा सूर बदलला, म्हणे तुमच्याकडची माती खराब, तिला मोठी कॉइल लागते, साडेचार हजार भरा.

आता मातीचं हे अर्धं खरं असतं, म्हणूनच लोक त्याला भुलतात. आपल्या काळ्या मातीच्या खाली बसाल्ट म्हणजे काळा पाषाण, आन त्यात मॅग्नेटाइट असतं, लोखंडाच्याच जातीचं खनिज. मुरमात, दगडात, मातीत सगळीकडं ते थोडंथोडं मिसळलेलं. लाउडस्पीकरचं जुनं चुंबक दोरीला बांधून पायवाटेवरनं ओढा, काळी बारीक पूड चिकटून येती, पोरं खेळतात बघा. मशीनला ही पूड पण दिसती. म्हणून चांगल्या मशीनमध्ये ग्राउंड बॅलन्स असतो, म्हणजे आधी मोकळ्या जमिनीवर कॉइल खालीवर करून मशीनला सांगायचं की एवढी कुरबुर मातीची आहे, ती सोडून दे. स्वस्तातल्या बऱ्याच मशीनला हा बॅलन्स कारखान्यातच एका जागी पक्का केलेला असतो, वाळूत ठीक चालतो, आपल्या रानात कधीकधी गोंधळ घालतो. तर गाळ्यासमोर वाळू आन लाल माती कशाला भरली होती ते आता समजलं असल.

माझ्या मशीनवर तर ‘जी.बी.’ म्हणजे ग्राउंड बॅलन्स असं लिहिलेलं बटन होतं. दाबलं की टिक वाजायचं, फरक काहीच नाही. मग दुकानात टेबलावर घेतलं, पोराला मोबाईलवर शूटिंग चालू ठेवायला लावलं आन स्क्रू खोलले. आत तळहाताच्या निम्म्याएवढा बोर्ड, मधल्या चिपचा नंबर घासून काढलेला. त्या बटनाच्या दोन्ही पायांना सोल्डर आहे पण तिथनं बोर्डावर पुढं रेघच जात नाही, नुसतं चिकटवलेलं बटन, टिकचा आवाज बटनाच्याच पत्र्याचा. कॉइलच्या थाळीत असल्या मशीनला पाठवायची एक आन पकडायची एक अशा दोन कॉइल लागतात, इथं एकच वेटोळं, तेबी केसासारख्या तारेचं, वरनं पांढरा गोंद ओतलेला. असली वायंडिंग मी पंख्याला पण करत नाही. स्टिकरवर कंपनीच्या नावात एक अक्षर कमी, आन सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर असा नंबरच नाही.

आता ते १५ फूट. कॉइलमधनं उलटसुलट करंट सोडला की चुंबकी क्षेत्र तयार होतं, त्यात धातू आला की धातूच्या अंगात भोवऱ्यासारखे करंट उठतात आन त्यांचं जे उलट क्षेत्र असतं ते दुसरी कॉइल पकडती. म्हणजे जाताना पण ताकद कमी होती आन येताना पण. वस्तू लहान असली तर खोली दुप्पट झाल्यावर सिग्नल निम्मा होत नाही, चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून नाण्याएवढी वस्तू चांगल्या मशीनला पण वीतभर, लै झालं तर फूटभर खाली कळती. टाकीचं झाकण, लोखंडी पाइप असलं मोठं धूड जास्त खोल कळतं, पण अंगठी १५ फुटावर दाखवणारं मशीन जगात कुठंच नाही. कुणी खोलीचा आकडा सांगितला की पहिलं विचारा, कशाची खोली?

सोन्याचं पण तसंच. मशीन सोनं ओळखत नाही, धातूतनं करंट किती सहज जातो आन धातू केवढा आहे त्याचा अंदाज देतं. सोन्याची अंगठी आन गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी बऱ्याचदा एकाच आकड्यावर येतात, मग पन्नी पण उकरावीच लागती. त्यानं पुरलेली ती जाड अंगठी, पितळेची असणार, ते बंद कडं असतं, करंट गोल फिरतो म्हणून आवाज दणकट येतो. बारीक साखळीचं उलटं, एकेक कडी सुटी पडती, तोळ्याची साखळी असली तरी मशीनला मोहरीएवढी वाटती. बारीक सोन्याला जास्त फ्रिक्वेन्सीचं मशीन बरं पडतं, १५-२० किलोहर्ट्झच्या आसपासचं. आन रुपयाच्या नाण्यावर डेमो दाखवत असतील तर खिशातलं चुंबक लावून बघा, १९९२ नंतरचं नाणं स्टीलचं, चुंबकाला चिकटतं, ते वाजल्यानं सोन्याचं काहीच सिद्ध होत नाही.

चुलतीची एक वाटी सापडली ती ह्या मशीननं नाहीच. परभणीच्या एका सॉ मिलवाल्याकडं लाकडातले खिळे बघायचा हातात धरायचा छोटा डिटेक्टर आहे, थिएटरच्या गेटवर असतो तसला. पोत कोणत्या दोन सऱ्यांत तुटली ते माहीत होतं, तिथली वरची चार बोटं माती घमेल्यात भरली, बाजरीच्या चाळणीनं चाळली आन राहिलेल्या खड्यांवरनं ते फिरवलं. ज्यांना ठरलेल्या जागेतली ताजी हरवलेली वस्तू हुडकायचीय त्यांना मोठं मशीन लागतच नाही. वस्तू वरच असती, नांगरट झाली तर मात्र अवघड.

तरी घ्यायचंच असल तर हिशोब बघा. गॅरेट, माइनलॅब, नोक्ता ह्या ओळखीच्या कंपन्या, ह्यांची सुरुवातीची नवी मशीनं तिकडं अमेरिकेतच दोनशे डॉलरच्या पुढं मागं मिळतात, त्यावर आणणावळ, कस्टम, जीएसटी धरा. मग साडेतेरा हजारात कंपनीचं खरं मशीन कुठनं पडतं? त्यापेक्षा चारपाच हजाराचं बिननावाचं साधं चिनी मशीन बरं, ते निदान कुणाचं नाव लावत नाही, रोटावेटरची पाती हुडकायला चालून जातं. पण कुठलंबी घ्या, घरातली खरी अंगठी दोऱ्याला बांधून आन आपल्याच रानातली बादलीभर काळी माती सोबत घेऊन जायचं, अंगठी आपण पुरायची, आन जे खोकं घरी न्यायचंय त्यातलंच मशीन खोलून फिरवायचं. माझ्यानंतर जिंतूरकडचा एक जण बादली घेऊन गेला तर त्याला म्हणे आज सर्व्हर डाऊन आहे. मेटल डिटेक्टरला सर्व्हर!

अजून एक, हे मशीन घरात आलं की गावात कुजबुज सुरू होती. निजामाच्या काळातले हंडे, रझाकाराच्या वेळी पुरून ठेवलेलं, अशा गोष्टी आपल्याकडं प्रत्येक पडक्या गढीला चिकटलेल्या. मशीन आणून चार दिवस झाले नाहीत तर रात्री दहाला दोघं जण गढीवर चला म्हणून दारात, सोबत एक महाराज. हाकलून दिलं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे, जमिनीत दहा रुपयांच्या वरचा पुरलेला माल सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं, दडवलं तर शिक्षा. तेर, पैठण असल्या संरक्षित जागी तर खोदायचं नावच नको. आन गुप्तधनासाठी अघोरी पूजा मांडली तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वेगळाच लागतो. विकणाऱ्यांचा सगळा धंदा ह्या हंड्यांवर चाललाय, गळ्याला फास मात्र घेणाऱ्याच्या.

माझ्या तक्रारीचं असं की १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून यूपीआयचे आठ हजार नोंदवले, पण हा नंबर ताबडतोब लावला तर पैसे गोठवता येतात, जितका उशीर तितके पुढं सरकतात, तर घोळ कळला की आधी तिथं. १९१५ च्या ग्राहक हेल्पलाइनवर पण टाकलंय. आता परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करायलोय, २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथं तक्रार देता येती, संभाजीनगरला खेटे घालायची गरज नाही, आन ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. गाळ्याला सध्या कुलूप आहे, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो भाडं पण बुडवून गेलाय. ज्यांनी कुणी असं मशीन घेतलंय त्यांनी चलनाचा फोटो, यूपीआयचा व्यवहार नंबर आन खात्यावरचं नाव सांभाळून ठेवा, नाव एकच निघालं तर तक्रारी एकत्र लावायच्या असं वकील म्हणायलाय.