ओन्ताच्या ताटल्या : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही जपानमधल्या फुकुओकाहून ओइता प्रांतातील हिता शहराजवळच्या सारायामा या डोंगरातल्या वस्तीत गेलो आणि सात सून (लांबीचे जपानी माप), म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटर व्यासाच्या दोन ताटल्या व एक वाडगा घेऊन आलो. ओन्ता या नावाने ओळखली जाणारी ही मातीची भांडी तिथे १७०५ पासून घडवली जातात. ओढ्याच्या पाण्यावर वरखाली होणारी लाकडी मुसळे दिवसभर माती कांडत असतात. त्या आवाजाच्या भरात खरेदी झाली हे कबूल केले पाहिजे, म्हणूनच रोज वापरून मगच हे लिहीत आहे.

ताटलीवरची नक्षी रंगवलेली नसून खरवडलेली आहे. गडद, लोहयुक्त मातीवर पांढऱ्या मातीचा पातळ लेप देतात आणि तो अर्धवट सुकला की फिरत्या चाकावर ताटलीला पोलादी पट्टीचे लवचिक टोक लावतात. पट्टी थरथरत उड्या मारते व प्रत्येक उडीला लेपाचा टवका निघून खालची माती दिसू लागते. याला तोबिकान्ना म्हणतात. आमच्या एका ताटलीवर हे टवके तांदळाच्या कण्यांएवढे आणि दाट आहेत. दुसरीच्या काठाशी हात जरा सैल पडला असावा, कारण तिथे ते लांबट होऊन तिरके गेले आहेत. मला हीच जास्त आवडते. बोट फिरवले की झिलईखालच्या खाचा लागतात, आणि पिठले वाळले तर नेमके त्यांतच बसते.

खरी परीक्षा हळदीने घेतली. भट्टीतून निघाल्यावर माती आणि झिलई सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, त्यामुळे झिलईला केसासारख्या बारीक चिरा पडतात. म्हणून पहिल्या वापरापूर्वी भांडी तांदळाच्या धुवणात मंद आचेवर वीस मिनिटे उकळून त्यातच थंड होऊ दिली; पिष्ट चिरांत बसते. वाढण्याआधी ताटली पाण्यात बुडवून काढण्याचीही सवय लावली. एवढे करूनही मधल्या बिनझिलईच्या कड्याने आम्हाला हरवले. भट्टीत एकावर एक रचलेल्या ताटल्या चिकटू नयेत म्हणून तिथली झिलई पुसलेली असते, आणि दुसऱ्याच आठवड्यात बटाट्याच्या भाजीने ते कडे पिवळे केले. खाण्याच्या सोड्याने फारसे साधले नाही, गॅलरीतल्या उन्हाने मात्र डाग बराच फिका पडला.

वाडग्याचे हाल आमच्याच आळसामुळे झाले. रात्रभर सिंकमध्ये भिजवून तो ओलाच कपाटात ठेवल्यामुळे तळाला बुरशीचा काळपट डाग आला, तो अजून आहे. खरखरीत तळाने जेवणाच्या टेबलावर ओरखडे उठले, ते तळ पॉलिश पेपरने घासल्यावर थांबले.

एप्रिलमध्ये एका ताटलीच्या काठाचा कपचा उडाला. तिच्या जोडीची ताटली मागवावी म्हटले, तर सारायामात भांड्यावर कुंभाराचे नाव घालायची रीत नाही, त्यामुळे ती कोणाच्या हातची हे तळ उलटून पाहूनही कळेना. आता तिच्यावर थालीपीठ आणि लोण्याचा गोळा वाढतो. आमटीला स्टीलची वाटीच बरी.