रान साफ करायला काय घेऊ: कोयता, मॅशेटी की कुकरी?

घ्यायच्या आधी एकदा भाटात (म्हणजे बागायतीत) फेरी मारा आणि नेमकं काय वाढलंय ते बघा. नुसती रानमोडी आणि घाणेरीची झुडपं आहेत, की करवंदीच्या जाळ्या, बांबू आणि मनगटाएवढी किंदळाची रोपं पण आहेत, सगळं त्यावर ठरतं. कारण पातं कापतं ते वेगाने नाहीतर वजनाने, आणि एकाच हत्यारात दोन्ही भरपूर मिळत नाही. दुकानात हवेत फिरवून बघितलं की सगळीच भारी वाटतात, मी पण तसाच फसलोय.

मॅशेटी म्हणजे साधारण 18 इंच लांब आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीचं पातळ पातं. रानमोडीचा दांडा मऊ असतो, जड कोयता सावकाश मारला की दांडा कापला जात नाही, नुसता वाकतो, तिथे मॅशेटी सपासप जाते आणि तासाभराने दंड भरून येत नाही. शिवाय हात झाडीपासून लांब राहतो, पालापाचोळ्यात फुरसं बसलेलं असू शकतं हे लक्षात घ्या (गमबूट घाला, हे वेगळं सांगायला नको). ब्राझीलच्या ट्रामोंटिनाचं नाव सगळे घेतात, कंपनी 1911 पासूनची आहे, पण कुठलीही असो, नवीन मॅशेटीला बहुतेक वेळा कामापुरती धार नसते, कानशीने आपणच लावायची. वाईट गोष्ट म्हणजे सुकलेल्या लाकडावर मारली की हाताला झिणझिण्या येतात आणि आमच्याकडे गोव्यात जमीन सगळी जांभ्याची, टोक दगडावर एकदा घासलं की धारेला दाते पडलेच समजा.

तिथेच कोयत्याची चोच कामाला येते. पुढचं वाकडं टोक दगडाला आधी लागतं आणि आतली धार वाचते, शिवाय त्याच चोचीने जाळी ओढून घेऊन बुडातून कापता येते. मॅशेटीने घाईत तिरपं कापलं की गुडघ्याखाली टोकदार खुंटे राहतात, दुसऱ्या दिवशी काजू वेचायला गेलेल्या माणसाच्या चपलेतून ते आरपार जातात. बांबू, करवंद, माडाच्या सुकलेल्या झावळ्या, सगळं कोयत्याने होतं, कमरेच्या आकडीला अडकवला की दोन्ही हात मोकळे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघा, पण चकचकीत बघून घेऊ नका. लोहाराला विचारा, गाडीच्या पाट्याचं (स्प्रिंगच्या पट्टीचं) लोखंड आहे का, आणि धारेवर कानस फिरवून बघा: कानस नुसती घसरली तर पाणी जास्त झालंय, म्हणजे पातं गरजेपेक्षा कडक झालंय, दगडावर तुकडा उडेल, आणि लोण्यासारखी रुतली तर धार संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. थोडी अडखळत धरली की बरोबर. पात्याचा मुठीत जाणारा दांडा आरपार येऊन मागे वाकवलेला हवा. माझ्या पहिल्या कोयत्याला तो अर्ध्यातच संपलेला, एप्रिलात लाकूड सुकलं आणि मारता मारता पातं सुटून शेजारच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) जाऊन पडलं, नशीब तिथे कोणी नव्हतं. तेव्हापासून उन्हाळ्यात मूठ हलायला लागली की रात्रभर पाण्यात ठेवतो, पण तो एक-दोन दिवसांचा इलाज, नीट पाचर मारूनच घ्यावी लागते.

कुकरीबद्दल थोडक्यात. चांगल्या नेपाळी कुकरीत पातं तापवून फक्त धारेवर किटलीने पाणी ओततात, म्हणून धार कडक आणि पाठ चिवट. जाड फांदी तोडायला मस्त, पण पातं साधारण 10 इंचांचं, म्हणजे घाणेरीत हात घालून काम करावं लागतं, काट्यांनी मनगट सोलून निघतं. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच तर भिंतीवर लावायच्याच. वर शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा जो वर्ग आहे त्यात कुकरीचं नाव चक्क लिहिलेलं आहे, शेती आणि घरकामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलीत. कोयता घेऊन बसमधून उतरलात तर कोण बघणार पण नाही, कुकरी घेऊन उत्तरं देत बसावी लागू शकतात.

तर माझ्या हिशेबाने एकच घ्यायचं असेल तर मध्यम वजनाचा कोयता, एकरभर रानमोडी असेल तर सोबत मॅशेटी, कुकरी हौस असेल तरच. ब्रशकटर (झुडपं कापायचं यंत्र) असला तरी जांभ्याच्या उतारावर कोयता लागतोच. दंडाएवढं जाड काही आडवं आलं तर सरळ कुऱ्हाड घ्या, पण उभं झाड असेल तर आधी वनखात्याची परवानगी, गोव्यात 1984 पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे.

आणि काजूच्या दिवसांत पात्याला निरो (काजूच्या बोंडाचा रस) लागला की ते काळं पडतं, तो गंज नव्हे, घाबरू नका, फक्त त्याच दिवशी धुवा, पुसा, खोबरेल लावा. पावसाळ्यात पेपरात गुंडाळून मात्र ठेवू नका, पेपर ओल धरतो आणि ऑगस्टात उघडाल तेव्हा खरा गंज दिसेल.